झावळ्यांच्या टोपल्या आणि अकोल्याची मावशी

कांद्याच्या साली फेकणं बंद झालं, की आमच्या घरात ईस्टर जवळ आला असं समजावं. ओट्याखाली एक कापडी पिशवी टांगलेली असते, तिच्यात त्या साठत जातात. हात घातला की सुक्या पाचोळ्यासारख्या वाजतात. या सालींच्या पाण्यात अंडी उकडली की कवचावर भाजलेल्या विटेचा रंग चढतो. पळसाच्या फुलांनी पिवळा येतो, पण बाजारातल्या पुडीसारखा भडक नाही, बऱ्याच उन्हाळ्यांत वाळत घातलेल्या ओढणीसारखा. अमरावतीत मार्च उतरणीला लागला की दुपारचे रस्ते ओस पडतात, कूलरला नवीन वाळा बसतो, शाळांतून पेपर सुरू असतात आणि मी सालींची पिशवी दाबून दाबून बघत असते. याच दिवसांत मला मत्सरही येतो. दर वर्षी, नेमाने, कुणी बोलावल्यासारखा.

या मत्सराला चेहरा आहे. तो अकोल्याला राहतो, ब्लाउज शिवतो, दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाईल असा हसतो, आणि त्याचं नाव रूथताई. माझ्या वहिनीची मोठी बहीण. माझ्या भाचीची, हन्नाची, मावशी.

आणि मी आत्या. मावशी म्हणजे माया आणि आत्या म्हणजे फटकळ, हे आपल्याकडे कुणी ठरवलं मला माहीत नाही. ठरवणारा सापडला तर मी त्याच्या दारासमोर धरणं धरीन. दादा-वहिनी दोघंही नोकरीला जायचे, तेव्हा हन्ना दिवसभर माझ्याकडे असायची. तिचं पहिलं पाऊल माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर पडलं. तिला गोवर आला तेव्हा कडुनिंबाचा पाला उशाला ठेवून मी बसले होते. मावशी सणाला यायची. सणाला येणाऱ्या माणसावर प्रेम करणं किती सोपं असतं. त्याच्या हातात नेहमी पिशवी असते आणि तोंडात कधीच “अभ्यास झाला का?” नसतं.

मी स्पष्टच लिहिते, कारण मला दुसरं लिहिता येत नाही. माझं सगळं लिखाण पत्रकांवर झालं. प्लास्टिकविरोधी काम करणारा आमचा एक छोटा गट आहे, त्याची पत्रकं मी लिहिते. पत्रकाची शिस्त साधी असते. पहिल्या ओळीत गुन्हा, दुसऱ्या ओळीत गुन्हेगार, तिसऱ्या ओळीत तुम्ही काय करायचं. मत्सराचं पत्रक मी अनेकदा मनात लिहून पाहिलं. दोन ओळी झरझर होतात. तिसरी सुचत नाही.

हन्ना पहिलीत होती तो ईस्टर मला सोडत नाही. दादाला अकोल्यात चांगली नोकरी लागली होती. परीक्षा संपली की तिघं तिकडे जाणार होते, आणि खोली बघितली होती ती थेट रूथताईंच्या घराच्या वरची. जिन्याच्या बारा-पंधरा पायऱ्या उतरल्या की मावशी. माझ्यापर्यंत यायचं तर आधी स्टेशन गाठा, मग गाडीने बडनेरा, तिथून ऑटो. एवढा हिशेब मला बोटांवर न मोजताही कळत होता. तो आमचा एकत्र शेवटचा ईस्टर होता आणि मला वाटत होतं, या दिवशी तिच्या हातात माझ्या हातची टोपली असावी. मोठेपणी तिला ईस्टर म्हटलं की माझी टोपली आठवावी, मावशीची नव्हे. पर्यावरणाचं नंतर. आधी हे.

आमच्या चर्चमध्ये पूर्वी टोपल्या वगैरे नव्हत्या. ईस्टरच्या सकाळी प्रत्येक मुलाला एक रंगवलेलं उकडलेलं अंडं आणि एक बनपाव मिळायचा. मीठ-मिरपुडीची पुडी वाघमारे काकू घरून आणायच्या. मग कुणाच्या तरी घरी खोक्यातून गुलाबी प्लास्टिकची टोपली आली, पुढच्या वर्षी दहा आल्या. आत हिरवं प्लास्टिकचं गवत. मला त्या गवताचा जेवढा राग आहे तेवढा फार थोड्या माणसांचा असेल. केसासारखं बारीक कापलेलं, वाऱ्यावर उडणारं, झाडलोट करताना फड्याच्या काड्यांत अडकून बसणारं. सोमवारी सकाळी ते गटारात, मंगळवारी उकिरड्यावरच्या गाईच्या तोंडात. आणि ज्या गावाच्या चारही बाजूंना खरं गवत, कडबा, कापूस, त्याच्या वाळक्या पऱ्हाट्या पडलेल्या, तिथे खोक्यातून हे मागवायचं. वर रंगीत साखरेच्या गोळ्या, ज्यांनी मुलांच्या जिभा दुपारपर्यंत निळ्या राहतात. हन्नाचे पुढचे दोन दात तेव्हा किडून काळे झाले होते. दाताच्या डॉक्टरांनी मला झापलं होतं, मावशीला नव्हे.

मी पाळकसाहेबांकडे गेले, तेव्हा वाघमारे काकूही तिथे बसल्या होत्या. म्हटलं, या वर्षीच्या सगळ्या टोपल्या मी करते, झावळ्यांच्या. आमच्याकडे ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी नाल्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या कापून आणतात, मुलं त्या हलवत चर्चमध्ये येतात, आणि मग घरोघरी एकेक झावळी दारावर खोचली जाते. ती वर्षभर तिथेच राहते. त्याच झावळ्या वापरायच्या असं मी म्हणाले आणि वाघमारे काकू उठून उभ्याच राहिल्या. त्यांचं म्हणणं असं, की दारावरची झावळी प्रभूच्या स्वागताची, ती काढून पोट्ट्यांच्या खेळण्याला लावायची नाही. शेवटी असं ठरलं की दारावरच्या झावळ्यांना हात नाही, टोपल्यांसाठी नाल्यावरून जास्तीच्या आणायच्या. काकूंनी परवानगी दिली, पण जाता जाता मला एक टोला दिलाच.

“टोपल्या कर बाप्पा. पन शिंदीचे आमी तं फडेच पाह्यले आजवर. पोट्ट्याइच्या हाती फडे नको देऊ.”

तो आठवडा मी जगले त्यातला सगळ्यात चांगला. खोटं कशाला सांगू. चर्चच्या मागच्या ओसरीवर संध्याकाळी मुलं जमायची. शिंदीची पाती ताजी होती, ओली, बोटांखाली वळणारी, कडेच्या काट्यांनी ओरखडे काढणारी. त्यांना कच्च्या काकडीसारखा वास यायचा. मी एक आडवं, एक उभं घालून दाखवायचे आणि मुलं जिभा बाहेर काढून विणायची. हन्ना माझ्या गुडघ्याला टेकून बसायची, बाकीच्यांना शिकवायची, चुकलं की त्यांच्या हातातून ओढून घ्यायची. माझा दुपट्टा पळसाच्या पाण्याने डागाळला होता. फाटकाशी शेजारचा पळस अजून थोडा फुललेला होता, खाली पडलेली फुलं गोळा करायचं काम सगळ्यात लहान मुलांचं. राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की मी घरी केली. खारका होत्या, फुटाणे होते, झाडावरची शेवटची संत्री होती आणि प्रत्येकाला कागदाच्या पुडीत भेंडीचं बी. हन्नाने तिची टोपली कुणाला हात लावू दिली नाही. तिच्या कडेला तिने लाल चिंध्यांची वेणी गुंफली होती. त्या चार-पाच संध्याकाळी मी मावशीला पूर्ण विसरले होते.

आता जरा डोकं लावून बघा. आम्ही कोण माणसं? दर वर्षी दारावर हिरवीगार झावळी खोचणारी आणि दर वर्षी ती आठवड्याच्या आत सुकून, आवळून, सुरळी होताना बघणारी. जाता-येता, वर मान करून. वऱ्हाडचं ऊन काय करतं ते आमच्याच चौकटीवर लिहिलेलं होतं. आणि तरी आमच्यातल्या एकाही माणसाला, वाघमारे काकूंनाही, असं सुचलं नाही की ओल्या पात्यांची टोपली ईस्टरपर्यंत काय होईल.

शुभ शुक्रवारी उपासनेनंतर मी ओसरीचं दार उघडलं. टोपल्या रांगेत होत्या आणि प्रत्येकीच्या अंगातून पलीकडची भिंत दिसत होती. पाती आकसून निम्म्या रुंदीची झाली होती. एका टोपलीत मी अंडं ठेवून पाहिलं. ते जराही न थांबता खालून निघून गेलं.

गटातल्या एका मैत्रिणीचं घर दर्यापूरकडे, तिच्याकडे वेचलेला कापूस पडून होता. शनिवारी ती दोन पोती घेऊन आली. मला तेव्हा ते देवाने पाठवल्यासारखं वाटलं. भोकं बुजतात, अंड्याला मऊ गादी होते, आणि प्लास्टिकच्या गवताला यापेक्षा सणसणीत उत्तर कोणतं? आपल्या काळ्या मातीतला कापूस. मी मनातल्या मनात पुढच्या पत्रकाची पहिली ओळसुद्धा लिहून टाकली.

त्याच दुपारच्या गाडीने रूथताई आल्या. हातात पारदर्शक कागदात गुंडाळलेली टोपली, जांभळी, प्लास्टिकची, तिच्यात ते गवत आणि गवतात चॉकलेटचा मोठा ससा. सोनेरी कागदातला, गळ्यात घुंगरू. मी आणि हन्ना टोपल्यांत कापूस भरत होतो. फाटक वाजलं, आणि माझ्या मांडीवर टेकलेलं वजन गेलं. एवढंच. मला त्या दिवसाचं फार काही सांगायला नको, ते वजन कसं गेलं एवढं सांगितलं की पुरे. आवाज झाला नाही, ती “मी जाऊ?” म्हणाली नाही. तिच्या हातातला कापूस माझ्या पदरात पडून राहिला आणि ती मावशीच्या कमरेला मिठी मारून उभी होती.

रूथताईंनी तिथूनच मला विचारलं, का गं, सरकी काढायचं काम घेतलं का? सगळे हसले. हन्ना सगळ्यात जास्त.

मी त्यांना तिथल्या तिथे ऐकवलं. गवत, गाय, साखर, दात, सगळं. त्यांनी शांतपणे पर्स खुर्चीवर ठेवली, पदराने वारा घेतला आणि म्हणाल्या, “अवं, वर्षातून एक डाव आनतो मी पोरीले. तू रोज सुदारते ना तिले, मंग एक दिवस मले बिघडू दे.” ज्याच्याकडे माया असते त्याला मुद्दा लागत नाही, हे मला तेव्हा फार अन्यायाचं वाटलं होतं. आजही वाटतं.

ईस्टरची पहाट आमच्याकडे कबरस्तानात उजाडते. मेणबत्त्या, कबरींवर वाहिलेला मोगरा, थंड झालेली माती, आणि अंधारात कुणीतरी पहिल्यांदा म्हणतं, प्रभू उठला आहे. खरोखर उठला आहे, असं सगळे म्हणतात, आणि त्या क्षणी माझ्या मनात एरवी कुणाबद्दल काही नसतं. त्या वर्षी होतं. मी रूथताईंच्या पाठीकडे बघत होते. हन्ना त्यांच्या खांद्यावर झोपली होती.

पुढचं थोडक्यात. आवारात कडुनिंबाखाली मुलं टोपल्या घेऊन अंडी शोधायला पळाली. ऊन आठलाच चटके द्यायला लागलं होतं. पळताना टोपल्यांची बुडं सुटली. राजगिऱ्याचे लाडू फुटून मुंग्यांच्या वाटेला गेले. चिक्की उन्हाने पाघळली आणि कापूस तिला असा बिलगला की मुलांना दातांनी ओढूनही सुटेना. एक छोटा मुलगा तोंडातून पांढरे केस काढत रडत होता. वाघमारे काकू सगळ्यांना पाणी पाजत फिरत होत्या, आणि मी सांगते, त्या एक शब्द बोलल्या नाहीत, हे जास्त लागलं.

आणि मावशीचा ससा? तोही वितळला. मी मनापासून वाट बघत होते तसाच वितळला. कान गेले, तोंड गेलं, सोनेरी कागदात चॉकलेटचं डबकं झालं. पण मुलांनी तो कागद जमिनीवर पसरला, भोवती कोंडाळं केलं आणि बोटं बुडवून बुडवून चाटला. त्यांची आनंदाची किंकाळी फाटकापर्यंत ऐकू येत होती. माझ्या वस्तू मोडल्या तर कचरा झाला, तिची मोडली तर जत्रा.

हन्ना माझ्याकडे आली. हनुवटीपर्यंत चॉकलेट. तिच्या हातात तिची टोपली होती, लाल वेणीची, रिकामी. तिने ती माझ्यासमोर धरली. तिच्या आवाजात रागही नव्हता, असता तर बरं झालं असतं.

“आत्तू, तुयी टोपली सांडते.”

आणि टोपली माझ्याकडे देऊन ती परत कोंडाळ्यात गेली. पंधरा दिवसांनी त्यांचा टेम्पो अकोल्याला गेला.

नंतरची वर्षं फोनवर गेली. मावशीने फ्रॉक शिवला. मावशीकडे मांजर व्यायली. मावशी म्हणते, मावशीकडे, मावशीसोबत. मी “अरे वा” म्हणायचे. माणसाने आयुष्यात किती वेळा “अरे वा” म्हणावं याला काही मर्यादा पाहिजे. मला त्या जिन्याचा मत्सर वाटायचा, त्या मांजराचा वाटायचा. शिवणयंत्राखाली पडणाऱ्या कातरणांचा वाटायचा, कारण हन्ना त्यांत बसून खेळते असं वहिनी सांगायची. लोक म्हणतात मत्सर आतून जाळतो. मला तसं वाटत नाही. तो पायात गेलेल्या काट्यासारखा असतो, बसलं की काही नाही, चालायला लागलं की आहे.

मग दोन वर्षांपूर्वी वहिनीने फोनवर फोटो पाठवला. अकोल्याच्या त्यांच्या चर्चचं आवार, तीसेक मुलं, आणि प्रत्येकाच्या हातात ब्लाउजच्या कातरणांची शिवलेली टोपली. जरीचे तुकडे, खणाचे, फुलाफुलांचे. आत राजगिऱ्याचे लाडू केळीच्या पानात बांधलेले, फुटाणे, संत्री, कांद्याच्या सालींनी रंगवलेली अंडी. गवत नाही. कापूसही नाही. खाली वहिनीने लिहिलं होतं, ताईची आयडिया, सगळ्यांना खूप आवडली.

ताईची आयडिया.

मी हे गटात दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपला विचार अकोल्यात पोचला, आपलं नाव नसलं तरी काय झालं, काम झालं ना, असं कुणीतरी म्हणालं. हे वाक्य मी स्वतः किती सभांत म्हटलंय. काम महत्त्वाचं, नाव नाही. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. तीस मुलांच्या हातून प्लास्टिक गेलं होतं, तीस जिभा निळ्या झाल्या नव्हत्या, आणि मला एवढंच दिसत होतं की त्या कापडी टोपल्या सांडत नाहीत. त्यांना शिवण होती. विचार माझ्याकडून नेला, हन्ना माझ्याकडून नेली आणि दोन्ही माझ्यापेक्षा नीट सांभाळली. चोरी असती तर मी भांडले असते. नीट सांभाळणाऱ्याशी कशी भांडू?

गेल्या वर्षी मी अकोल्याला गेले. न बोलावता नाही, वहिनी दर वर्षी बोलावते, मीच जात नव्हते. सोबत हन्नासाठी एक टोपली नेली. या वेळी बुरडाकडून घेतली, बांबूची, आरपार काही दिसणार नाही अशी घट्ट. आत शेव-चिवडा, अंजीर, रंगवलेली अंडी, लाकडी भोवरा. वरून लाल रिबनचं मोठं फूल बांधलं, दुकानात सुंदर दिसत होतं म्हणून.

चर्चच्या फाटकाशी एक उंच, काटकुळी मुलगी स्टूल टाकून बसली होती. आत येणाऱ्या प्रत्येक मुलाची टोपली बघत होती. एका बाबांच्या हातात वेफर्सच्या पाकिटांची माळ होती, ती तिने काढून घेतली आणि सांगितलं, जाताना न्या काका, आत नाही. बाबा काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली की तुमच्या मुलाच्या पोटाचं तुम्ही बघा, पण हे आवार सोमवारी आम्ही झाडतो. पुढचे दोन दात आता पांढरे, मोठे, जरा पुढे आलेले. पाचवीतली पोर, आणि कमरेवर हात.

मला बघून ती हसली, धावत आली, बिलगली. मी टोपली पुढे केली. तिने ती घेतली, फिरवून पाहिली, आणि तिचा चेहरा बदलला. फाटकाशी उभ्या सगळ्यांसमोर तिने विचारलं, “आत्तू, ही रिबन कायची आहे?”

मी म्हटलं, रेशमी आहे, दुकानदाराने सांगितलं.

“दुकानदार तर सांगणारच. तू विचारलं का त्याला कायपासून करतात? हे प्लास्टिकचंच सूत असते. सोडून टाक, नाही तर टोपली बाहेर ठेव.”

मागे रांग खोळंबली होती. लोक हसायला लागले. मी फाटकाशी उभी राहून दातांनी रिबनची गाठ सोडत होते, आणि माझी भाची, स्टुलावर बसून, मी पूर्ण सोडते की नाही ते बघत होती. इतक्या कडक नजरेने माझ्याकडे आजवर पाळकसाहेबांनीही पाहिलेलं नाही.

रूथताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. खांद्यावर कापडी टोपल्यांची चळत. पूर्वीपेक्षा थकलेल्या दिसत होत्या. मला वाटलं, आता हसतील, दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाईल असं. त्या हसल्या नाहीत. हन्नाकडे बघत, मला एकटीलाच ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलल्या.

“चार वर्सं झाली, माह्या हातचं जेवून राहिली हे पोट्टी. माह्याच मशिनीखाली लहानाची मोठी झाली. पहिल्या वर्षी माह्या हातातली प्लास्टिकची टोपली घेतली अन् म्हने, आत्तू रागावते. म्हनून मंग म्या ह्या शिवाले सुरुवात केली. अन् तोंड उघडलं का पाह्य, तूच बोलते तिच्यातून.” चळत दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाल्या, “लय जळतो मी तुह्यावर. तुले सांगतो.”

रिबन सुटली. मी ती मुठीत चुरगळून पिशवीच्या तळाशी टाकली. त्यांच्या डोळ्यांच्या कडा लाल होत्या आणि त्या माझ्याकडून काहीतरी ऐकायची वाट बघत होत्या. असं काही नसतं ताई, ती तुमचीच आहे, तुम्ही केलं ते मला जमलं नसतं, असं एक वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. खरंही होतं ते.

पण मी त्यांच्या खांद्यावरच्या निम्म्या टोपल्या उचलून घेतल्या, आणि हन्नाने आत सोडेपर्यंत आम्ही दोघी रांगेत उभ्या राहिलो.